मायचं ऑपरेशन: रोबोटनं करावं की ओपन? विदर्भातल्या मंडळींनी सांगा

कपाशीवाला · ११ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं बोंडअळी अन् बाजारभावाच्या धाग्यांवरच दिसतो, आज वेगळं विचारतो.

माय ५३ वर्षांची. पाळी बंद होऊन चार वर्षं झाली होती. पोळ्याच्या सुमारास अंगावरून पुन्हा लाल जायला लागलं. तिनं दीड महिना कोणाला सांगितलंच नाही. बायकोनं दांडीवरचं लुगडं पाहिलं तेव्हा कळलं. यवतमाळला तुकडा काढून तपासला, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. एमआरआयमध्ये गाठ २.८ सेंटीमीटर, बाजूला पसरलेली नाही, स्टेज १बी२ लिहिलंय.

नागपूरला एका खाजगी दवाखान्यात गेलो. सर्जनची भेट व्हायच्या आधीच एका मॅडमनं समोर छापील कागद ठेवला. दोन रकाने. डावीकडे ओपन, खाली पोटावर लांब चिऱ्याचं चित्र, रक्त जास्त, वेदना जास्त, मुक्काम आठ-दहा दिवस, १ लाख ८० हजार. उजवीकडे रोबोटिक, पोटावर पाच ठिपके, अचूक, वेदना कमी, मुक्काम तीन दिवस, ४ लाख ६० हजार. वरून म्हणाल्या, आईसाठी चांगलंच घ्या ना.

सोयाबीनचे पैसे कृषी केंद्राच्या उधारीत गेले. कापसाची आत्ता कुठं दुसरी वेचणी सुरू आहे. वेळ पडली तर दोन एकर गहाण ठेवीन, बैलजोडी विकीन. पण वरच्या पावणेतीन लाखांत मायला जास्तीचं काय मिळणार, ते कोणी सांगेल का? धाकटा भाऊ म्हणतो मशीन चुकत नाही. काका म्हणतात सेवाग्रामला घेऊन चल. परवा कळवतो म्हणून सांगून आलोय.

तुरीचा_दाणा · रात्री १०:०५

भाऊ, बैल विकू नोका बाप्पा. कोट्यवधीची मशीन घेतली हाये त्यायनं, तिचे हप्ते कोन भरन? तुमी अन् मी. आमच्या गावात पहिला हार्वेस्टर आला तवा मालक असाच दारोदार फिरे. विळ्यानं सोंगलं का दाने सांडते म्हने. तीस वर्षं कुठी सांडले होते मंग?

दूरचा_पाहुणा · रात्री १०:३१

मूळचा अकोटचा, सध्या पुण्यात. तुरीचा_दाणा, प्रत्येक गोष्टीत हप्ते काढायची सवय सोडा हो. माझ्या सासऱ्यांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन रोबोटनं झालं. तिसऱ्या दिवशी घरी, आठवड्यात नळी निघाली. आत दहापट मोठं दिसतं, तेही खोलीसकट. सर्जनचा हात थरथरला तरी आतलं टोक थरथरत नाही. दुर्बिणीच्या सरळ काड्या मनगटासारख्या वळत नाहीत, याच्या वळतात. कपाशीवाला, पैसा परत येतो, माय परत येत नाही. करून टाका.

ओटी_सिस्टर · रात्री ११:१२

ड्यूटीवरून आत्ताच आले. वर्ध्याकडची आहे, आधी जिथं होते तिथं रोबोट होता, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

दादा, धाकट्या भावाला सांगा, मशीन स्वतःहून काहीच करत नाही. पेशंटच्या बाजूला चार हातांचं धूड उभं करतात, त्या हातांना आम्ही प्लास्टिकच्या बाह्या चढवतो, लग्नात नवरदेवाला बाशिंग बांधावं तसं निगुतीनं. सर्जन खोलीच्या कोपऱ्यात चपला काढून बसतो, कारण पायाखाली पेडल असतात आणि ती अनवाणी पायाला नीट कळतात. डोकं खोबणीत, बोटं कड्यांत. तो बोट वळवतो तसं आतलं टोक वळतं. चुकणारा हात तिकडं कोपऱ्यात आहे, मशीन तो हात लहान करून आत पोचवतं इतकंच. जुन्या मशीनमध्ये सर्जनला आतलं मऊ-कडक हाताला कळत नाही, डोळ्यांनीच ओळखावं लागतं. नव्या पिढीच्या मशीनमध्ये थोडं जाणवतं म्हणतात.

खालच्या पोटाच्या ऑपरेशनला पेशंटचं डोकं खाली, पाय वर असं तिरकं टेबल करतात. पोटात वायू भरतात. तीन-चार तास तसं राहिल्यावर पेशंट बाहेर येतो तेव्हा डोळे सुजलेले असतात, नातेवाईक घाबरतात. दुसऱ्या दिवशी उतरतात. पण वेदना खरंच कमी असतात. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायानं बाथरूमला जाणाऱ्या बायका पाहिल्यात, ते नाकारत नाही.

मला एकच विचारायचंय. त्या कागदावर कॅन्सर परत यायच्या प्रमाणाबद्दल काही लिहिलंय का?

कपाशीवाला · रात्री ११:२०

आत्ता पुन्हा उघडून पाहिला. दोन्ही बाजूंनी. नाही लिहिलं.

कात्री_दोरा · १२ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

कपाशीवाला दादा, मी कॅन्सरच्याच ऑपरेशनांत काम करतो, वाशीम जिल्ह्यातला आहे. पेशंट न तपासता उपचार सांगणार नाही, पण सिस्टरनी नेमकं बोट ठेवलंय, तेवढ्यावर लिहितो.

२०१८ पर्यंत आम्हीही समजत होतो, छिद्रातून केलं काय नि पोट उघडून केलं काय, कॅन्सरच्या हिशेबानं एकच. मग लॅक नावाच्या ट्रायलचा निकाल आला. ३३ केंद्रांतल्या ६३१ बायका, सगळ्यांना सुरुवातीच्या टप्प्यातला गर्भाशयमुखाचाच कॅन्सर. अर्ध्यांचं ऑपरेशन ओपन, अर्ध्यांचं दुर्बिणीनं किंवा रोबोटनं, आणि कोणाला काय हे डॉक्टरनं ठरवायचं नाही, चिठ्ठी काढल्यासारखं. दोन्ही सारखेच निघतील अशी अपेक्षा होती. साडेचार वर्षांच्या हिशेबात कॅन्सर परत न आलेल्या बायका ओपनमध्ये ९६.५ टक्के, छिद्रवाल्या गटात ८६ टक्के. तीन वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण ९९ आणि ९३.८. फरक इतका दिसायला लागला की नवीन बायका घेणं मध्येच थांबवलं.

असं का, याचं एकच उत्तर नाही. गर्भाशय हलवायला खालून एक दांडा घालतात, तो गाठीवर घासतो हा एक संशय. योनी आतून कापताना गाठीच्या पेशी वायू भरलेल्या पोटात सांडत असतील हा दुसरा. पोट उघडून करताना आम्ही गाठीच्या खालच्या बाजूनं चिमटा लावून तोंड बंद करतो, मगच कापतो. कापसाची गाठडी बांधून मग उचलावी तसं.

रोबोटच्या बाजूचे सर्जन म्हणतील, त्या गटात रोबोटच्या बायका सुमारे १६ टक्केच होत्या, बाकी दुर्बिणीच्या. बरोबर आहे. म्हणूनच रोबोटपुरत्या वेगळ्या ट्रायल हाती घेतल्या गेल्या. पण तोवर ज्याचा पुरावा हातात आहे ते ओपन आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एफडीएनंही (औषधं अन् उपकरणांवर नजर ठेवणारी तिथली सरकारी संस्था) कॅन्सरच्या ऑपरेशनांत रोबोट वापरण्याबद्दल सावधगिरीची सूचना काढली, त्यात या कॅन्सरचा आणि स्तनाच्या कॅन्सरचा उल्लेख होता.

एक बारीक गोष्ट. तुमच्या रिपोर्टवर १बी२ आहे आणि लॅकमध्ये १बी१, म्हणून कोणी तुम्हाला ‘ती वेगळी स्टेज’ म्हणेल. २०१८ ला वर्गवारी बदलली. आज २ ते ४ सेंटीमीटरला जे १बी२ म्हणतात, ते जुन्या वर्गवारीत १बी१ मध्येच धरत. गाठ तीच आहे. आणि ४ सेंटीमीटरच्या वरची किंवा बाजूला पसरलेली असती, तर बहुधा ऑपरेशनचा विषयच निघाला नसता, रेडिएशन आणि त्यासोबत आठवड्याला केमो हाच मार्ग. आपल्याकडच्या बऱ्याच बाया त्याच टप्प्यावर येतात, लुगडं लपवत लपवत. तुमची बायको देवासारखी धावली.

माझ्या स्वतःच्या आईचं असतं तर मी ओपन केलं असतं. पैसे असते तरी.

तुरीचा_दाणा · सकाळी ७:१५

पाहा. म्या म्हटलं नव्हतं?

कात्री_दोरा · सकाळी ७:२२

भाऊ, तुम्ही हप्त्यांचं म्हटलं होतं, कॅन्सरचं नाही. उद्या दुसऱ्या कोणाच्या किडनीची गाठ निघाली आणि त्यानं तुमच्या भरवशावर रोबोट नाकारला तर ते तुमच्या माथी.

दूरचा_पाहुणा · सकाळी ९:४०

डॉक्टरसाहेब, वाचलं. काल घाईनं लिहिलं, मान्य. पण मग सासऱ्यांच्या वेळी आम्ही उगाच पैसे घातले म्हणायचं का? लघवीवर ताबा यायला त्यांना चार महिने लागले, पॅड लावून फिरायचे, हे काल लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे टाळलं.

कात्री_दोरा · दुपारी २:१०

ओपीडी संपली. उगाच नाही घातले.

प्रोस्टेटसाठी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ३२६ पुरुषांवर अशीच चिठ्ठीवाली ट्रायल झाली. रोबोटमध्ये रक्त कमी गेलं. पण लघवीचा ताबा आणि वैवाहिक आयुष्य, ज्यासाठी लोक रोबोट घेतात, त्यात तीन महिन्यांनी ठोस फरक नव्हता, दोन वर्षांनीही नव्हता. त्यातली खरी मेख अशी, की ओपन करणाऱ्या सर्जनच्या हातून आधी दीड हजारावर ऑपरेशनं झाली होती आणि रोबोटवाल्याच्या हातून दोनशेवर. दोनशेवाला दीड हजारवाल्याच्या बरोबरीला आला, असंही वाचता येतं. म्हणजे रोबोटनं शिकणं सोपं केलं असेल. तुमच्या सासऱ्यांना चार महिने लागले ते कोणत्याही पद्धतीत लागू शकतात, त्यांना सांगा.

गुदाशय म्हणजे संडासच्या जागेच्या वरचा भाग. तिथं, त्यातही पुरुषाच्या अरुंद ओटीपोटात, दुर्बिणीच्या सरळ काड्या एकमेकींवर आपटतात. ४७१ पेशंटच्या रोलार ट्रायलमध्ये मध्येच पोट उघडावं लागलं ते दुर्बिणीत १२.२ टक्के, रोबोटमध्ये ८.१. दिसायला फरक, पण योगायोग म्हणून सोडून द्यावा इतकाच. नंतर चीनमधल्या ११ दवाखान्यांत मोठी ट्रायल झाली. तिचा निकाल २०२५ मध्ये आला, त्यात तीन वर्षांत त्याच भागात कॅन्सर परत आला तो रोबोटमध्ये १.६ टक्के, दुर्बिणीत ४ टक्के. तिथं रोबोट पुढे. अर्थात ते सर्जन मुरलेले होते.

गाठ काढून उरलेली किडनी वाचवायची असेल तर मी स्वतः रोबोट पसंत करतो. रक्तवाहिनी दाबून धरलेली असते, घड्याळ चालू असतं, त्यात आतल्या आत भराभर टाके घालायचे असतात. तिथं वळणारं मनगट सोन्याचं.

त्यामुळे कोणी ‘कॅन्सरला रोबोट चांगला का’ विचारलं की मी उलट विचारतो, कुठल्या कॅन्सरला?

खर्रामुक्त · संध्याकाळी ६:३०

चंद्रपूर जिल्हा. बाराव्या वर्षापासून खर्रा, दिवसाला आठ-दहा पुड्या. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटून. ३८ व्या वर्षी गालात जखम झाली, ती भरेना, तोंड दोन बोटांच्या वर उघडेना.

माझा लहान भाऊ मोबाईलवर बघून डॉक्टरला म्हणाला, रोबोटनं करा, चेहऱ्यावर खूण राहायला नको. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी माझ्या तोंडात बोट घातलं, दुसऱ्या हाताचा अंगठा बाहेरून गालावर ठेवला आणि भावाला म्हणाले, गाठ माझ्या दोन बोटांत आहे, इथं हात पोचतो. रोबोट तिथं लागतो जिथं हात पोचत नाही, जिभेच्या पार मुळाशी, टॉन्सिलजवळ. मग भाऊ गप्प.

जबड्याचा तुकडा, गाल आणि मानेच्या गाठी (लसिकाग्रंथी) असं सगळं काढलं. छातीचं मांस वर फिरवून गालाला लावलं. आमच्याकडे त्याला कमांडो ऑपरेशन म्हणतात. मी भांडलो होतो, मानेत काही हाताला लागत नाही तर मान कशाला कापता. तेव्हा डॉक्टरनी सांगितलं की मुंबईच्या टाटामध्येच याच्यावर अभ्यास झालाय.

कात्री_दोरा · संध्याकाळी ७:०५

बरोबर सांगितलं त्यांनी. २०१५ मध्ये छापून आला. तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर, मानेत काही लागत नाही. तरी मानेच्या गाठी तोंडासोबतच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, वाट पाहून नंतर काढल्या तर ६७.५. साधी कात्री, साधा दोरा, परळचं हॉस्पिटल. जगभरची पद्धत त्या निकालावर पक्की झाली. मशीनच्या जाहिराती लागतात, याची कुठं लागली नाही.

(आणि खर्रामुक्त, नाव सार्थ ठेवा.)

खर्रामुक्त · संध्याकाळी ७:११

सहा वर्षं झाली साहेब. पानठेल्याच्या पुढून जातो तेव्हा अजून लाळ सुटते, खोटं कशाला बोलू.

ओटी_सिस्टर · रात्री ८:४५

कपाशीवाला दादा, पैशाचं बोला आता. महात्मा फुले योजनेचं काय केलं? कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे, कॅन्सरची ऑपरेशनं त्यात येतात. पिवळं-केशरी रेशनकार्ड तर आहेच, आणि यवतमाळसारख्या आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही सातबाऱ्यावर ती आधीपासून मिळते. दवाखान्यात शिरलं की डॉक्टरच्या रांगेआधी आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या माणसाचा, टेबल गाठा. रेशनकार्ड, आधार, सातबारा आणि बायोप्सीचा कागद. बायोप्सीचा कागद म्हणजे मूळ, झेरॉक्स नाही. आणि तपासलेल्या तुकड्याच्या काचेच्या पट्ट्या व मेणाचा ठोकळा यवतमाळहून मागून घ्या, दुसऱ्या ठिकाणी पुन्हा बघतात. तो ठोकळा शर्टाच्या खिशात ठेवून मोटरसायकलवर आणू नका, उन्हानं वितळलेला पाहिलाय मी.

टाटाला जायचं ठरलंच तर कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीच्या तिकिटाचे पैसे लागत नाहीत, सोबतच्याला ७५ टक्के सूट. बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेस आहेच. पण या ऑपरेशनसाठी मुंबईच पाहिजे असं नाही. तुकडोजी महाराजांच्या नावाचं नागपूरचं, जामठ्याचं, सेवाग्राम, सावंगी, सरकारी मेडिकल कॉलेज, सगळं तुमच्या दोन-तीन तासांत आहे. यादीत कोण आहे ते आरोग्यमित्र सांगेल.

दूरचा_पाहुणा · रात्री ९:०२

ज्यांचा खाजगी विमा आहे त्यांच्यासाठी: १ ऑक्टोबर २०२० पासून विमा नियामकाच्या नियमानं रोबोटिक ऑपरेशन पॉलिसीत धरावं लागतं. पण कंपनी मर्यादा घालू शकते. आमची अर्ध्यावर आली. बारीक अक्षर वाचा.

तुरीचा_दाणा · रात्री ९:३०

डॉक्टरसाहेब, एक इचारतो, रागावू नोका. सर्जनले काय इचाराचं? आमी गेलो का तोंड उघडत नाही. तो इंग्रजीत लिवते, आमी मान हालवतो.

कात्री_दोरा · रात्री १०:१५

रागवायचं काय त्यात. हेच ऑपरेशन, याच कॅन्सरचं, वर्षाला तुम्ही स्वतः किती करता, एवढं विचारा. आकडा सांगताना जो चाचरेल त्याच्याकडे रोबोट असला काय नि नसला काय. आणि रोबोटच सुचवला तर म्हणा, साहेब, ओपन केलं तर परत यायचं प्रमाण किती आणि यानं किती. चिऱ्याची लांबी तो न विचारता सांगेलच.

कपाशीवाला · ६ डिसेंबर, दुपारी १:००

मंडळी, उशीर झाला. वेचणी अन् दवाखाना दोन्ही एकदम आलं.

नागपूरच्या मॅडमना नाही म्हणून कळवलं. नंतर तीनदा फोन आला, शेवटी ४ लाखांवर आल्या. कापसाच्या व्यापाऱ्यासारखं वाटलं. वर्ध्याकडे योजनेत नंबर लागला. सर्जन बाई आहेत. विचारलं, वर्षाला किती करता. हसल्या, म्हणाल्या महिन्याला तीन-चार होतातच, तुम्हाला कोणी शिकवलं हे? म्हटलं एक कात्री-दोरावाले आहेत.

ओपन झालं. बेंबीपासून खाली उभा चिरा, २३ पिना. मायनं आरशात मोजल्या. रक्ताची एक बाटली लागली. पहिले चार दिवस फार वाईट गेले, खोकला आला की उशी पोटाशी धरून रडायची. तेव्हा मनात आलं, पाच ठिपकेवालं केलं असतं तर आज चालली असती. हे लिहून ठेवतो, नंतर कोणी वाचेल त्याला ओपन सोपं वाटू नये.

काल रिपोर्ट आला. बाजूच्या २४ गाठी (लसिकाग्रंथी) काढल्या, सगळ्या निगेटिव्ह. कडा मोकळ्या. बाई म्हणाल्या रेडिएशन लागणार नाही, तीन महिन्यांनी दाखवायला या.

अडचण एक आहे. लघवीची नळी काढून पाहिली तर लघवी अडकली, पुन्हा घातली. नळीसकट घरी पाठवलंय. हे असंच राहतं का?

ओटी_सिस्टर · दुपारी ३:२०

नाही दादा. या ऑपरेशनात मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसा दुखावतात, बऱ्याच जणींना दोन-तीन आठवडे लागतात. पुढच्या वेळी नळी काढली की आधी तिला तिच्या मनानं लघवी करू द्या, मग आत किती उरली ते नर्स मोजेल. शंभर मिलीच्या आत आली की साधारण सोडतात. तोवर पिशवी कमरेच्या खालीच, खाटेला अडकवताना वर नेऊ नका. ताप आला किंवा लघवी गढूळ दिसली तर लगेच निघा.

कपाशीवाला · १५ डिसेंबर, सकाळी ११:४०

पहिल्यांदा मोजली तेव्हा १८० उरली होती. आज ७०. नळी निघाली.

तुरीचा_दाणा · सकाळी ११:५५

बैल हायेत ना?

कपाशीवाला · दुपारी १२:१०

हायेत. एक डाव्या पायानं लंगडून राह्यला, त्याचा वेगळा धागा काढतो.